जुन्या जिप्सीच्या कमानीचे बुश घरीच बदलायचे असतील तर

आपल्या विदर्भात जुन्या जिप्सीला अजूनही गिऱ्हाईक आहे आणि त्याचं कारणही साधं आहे, गाडी हलकी, फोर बाय फोर, आणि पावसाळ्यात जिथं बंडीसुद्धा फसते त्या काळ्या मातीच्या पांदणीतून ही निघून जाते. १९८५ मध्ये आलेली ही गाडी २०१९ च्या आसपास बंद झाली, म्हणजे आता जी भेटते ती जुनीच भेटते. काही शेतकऱ्यांच्या घरची राहते, काही लिलावातली, आणि ताडोबाच्या मोहर्ली-कोलाऱ्याकडं सफारीत फिरलेल्या पण बऱ्याच विकायला येतात. सफारीतल्या गाडीनं ६ पर्यटक, गाईड आणि ड्रायव्हर घेऊन रोज दोन फेऱ्या कच्च्या रस्त्यावर मारलेल्या राहतात, त्यामुळं इंजिन कितीही गोड चालो, खालचे बुश, म्हणजे स्प्रिंगच्या टोकांतली रबरं, गेलेले आहेत असं धरूनच चाला.

हा लेख ज्यांनी कधी गाडीखाली हात घातला नाही त्यांच्यासाठी आहे. काम अवघड नाही, अंगमेहनतीचं आहे, आणि एका ठिकाणी नियम पाळावा लागते, तो पुढं सांगतोच.

पहिले हे समजून घ्या की जिप्सीला चारही चाकांवर कमानी आहेत, म्हणजे पाट्यांचे स्प्रिंग, पुढं पण आणि मागं पण. प्रत्येक कमानीचं एक टोक चेसिसच्या ब्रॅकेटमध्ये बोल्टनं पक्कं राहते आणि दुसरं टोक शॅकलला लटकते, म्हणजे त्या दोन पट्ट्यांना, कारण कमान दबली की तिची लांबी वाढते आणि ती वाढ घ्यायला एक टोक हलतं पाहिजे. आता या कमानीच्या दोन डोळ्यांत, म्हणजे टोकांना गोल वळवलेल्या भोकांत, आणि शॅकल जिथं चेसिसला लागते त्या भोकात, अशा तीन जागी रबरी बुश राहतात, आणि प्रत्येक जागी दोन अर्धे तुकडे, एक इकडून एक तिकडून. म्हणजे एका कमानीला ६ आणि पूर्ण गाडीला २४ तुकडे. दुकानात सेट मागताना हे लक्षात ठेवा, कोणी १२ देऊन पाठवलं तर अर्धी गाडी तशीच राहील.

आधी खात्री करा की दोष बुशचाच आहे

खालून खटखट येते म्हणजे बुशच गेला असं नाही. शॉकअपचे रबर, स्टेअरिंगचे बॉल जॉइंट, किंगपिनचे (ज्या पिनेवर पुढचं चाक वळते तिचे) बेअरिंग, चाकाचे बेअरिंग, कमान एक्सलला आवळणारे पण ढिले झालेले यू बोल्ट, सगळेच आवाज करतात. बुशचा आवाज साधारण हळू वेगात, खड्ड्यात चाक पडलं की किंवा ब्रेक दाबला-सोडला की एकदा ‘खट्’ असा येते. आणि गाडी सरळ रस्त्यावर इकडून तिकडं झोके घेते, स्टेअरिंग सारखं सांभाळावं लागते. पण स्टेअरिंग ठराविक वेगाला जोरजोरात थरथरत असेल तर बुशच्या आधी किंगपिन, व्हील बॅलन्सिंग आणि स्टेअरिंगचे जॉइंट पाहा, नाहीतर नवीन बुश टाकूनही थरथर तशीच राहील आणि तुम्ही म्हणाल की काम वाया गेलं.

बघायची पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, खाली जा, तारेच्या ब्रशनं कमानीच्या टोकावरचा वाळलेला चिखल खरवडून काढा (काळी माती तिथं सिमेंटसारखी बसलेली राहते, तिच्यामागं काय चाललं ते दिसतच नाही) आणि टॉर्च मारून डोळ्यात पाहा. चांगल्या बुशमध्ये आतून जाणारी पिन बरोबर मधोमध दिसते आणि चारही बाजूनं रबर सारखं दिसते. गेलेल्या बुशमध्ये पिन एका बाजूला सरकलेली राहते, त्या बाजूचं रबर कागदासारखं पातळ झालेलं, आणि दुसऱ्या बाजूनं रबराचा ओठ बाहेर लोंबते. बाजूला लालसर बारीक भुकटी दिसली तर समजा लोखंडाला लोखंड घासून राहिलं. मग एक सबल घ्या, कमानीचा डोळा आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये घालून हळू दाबा. थोडं लवचिक हलणं चालते, पण कट्कन सरकून आवाज आला तर बुश संपला. शॅकल मागून पाहताना तिरपी, एका बाजूला कललेली दिसत असेल तर त्याचाही अर्थ हाच.

स्टेअरिंगचं पाहायचं असेल तर घरातल्या एखाद्याला सीटवर बसवा, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडं हलवायला सांगा आणि तुम्ही खालून एकेक जॉइंटवर हात ठेवून पाहा. जिथं हाताला टकटक लागते तिथं दोष. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि बरेचसे पैसे वाचवते.

आणखी एक पाहा, आणि हे फार महत्त्वाचं आहे: ज्या ब्रॅकेटला आणि चेसिसच्या भोकाला हे बुश लागतात तिथलं लोखंड. हातोडीनं हलकं ठोकून पाहा, टणक आवाज आला पाहिजे. भदभद आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर आधी ते वेल्डिंगवाल्याकडून नीट करून घ्या. बुश वेळेवर न बदलण्याचा खरा खर्च इथंच राहते, रबर स्वस्त आहे पण ते संपलं की पिन ब्रॅकेटचं भोक खायला लागते आणि गोल भोक लांबट झालं की मग लेथवाला, वेल्डिंग, सगळंच आलं.

काय काय लागते

रबरी बुशचा सेट की पीयूचा? पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचे, कडक प्लास्टिकसारखे, रंगीत राहतात बहुतेक. टिकतात जास्त, ऑइलनं खराब होत नाहीत, पण धक्का जास्त देतात, मध्ये मध्ये सिलिकॉन ग्रीस लावलं नाही तर कुईकुई करतात, आणि महाग तर आहेतच. माझं मत विचाराल तर गाव, वावर, बाजार आणि कधीमधी जंगलाचा रस्ता, एवढ्यासाठी चांगल्या कंपनीचं रबरच टाका. गाडी मुद्दाम दगडधोंड्यांत घालणाऱ्यांनी पीयूचा विचार करावा. लोकल रबर मात्र घेऊ नका, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जाते, रस्त्याची उष्णता वेगळी, हलकं रबर एका उन्हाळ्यात कडक होऊन तडकते. बोटानं दाबून पाहा, चांगलं रबर दबून लगेच परत येते, आणि त्यात बारीक चिरा किंवा हवेचे फुगे दिसत नाहीत.

जुन्या गाडीत मागच्या मालकानं काय बसवलं असेल सांगता येत नाही, कधी दुसऱ्याच गाडीच्या कमानी राहतात, म्हणून सेट आणला की गाडी खोलायच्या आधी नवा बुश कमानीच्या डोळ्याशेजारी धरून माप पाहा, आणि शंका असेल तर पहिल्या दिवशी एकच शॅकल खोला, जुना तुकडा घेऊन दुकानात जा.

बाकी सामान: १४, १७, १९ चे रिंग पाने आणि गोटी पाने, लांब दांडा, दीड-दोन किलोचा घन, पितळी किंवा नरम लोखंडाचा ड्रिफ्ट (बोल्टवर ठेवून ठोकायचा गज), सबल, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, गंज सोडवायचा स्प्रे, साबणाचं पाणी, दोन जॅक, दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), आणि नवीन नट. नट जुनेच लावू नका, विशेषतः आत प्लास्टिकची कडी असलेले लॉक नट, ते एकदा निघाले की पकड सोडतात. डोळ्यावर चष्मा घाला. गाडीखाली वर पाहून काम राहते आणि गंजाचा कचरा सरळ डोळ्यात येते.

स्प्रे मात्र दोन दिवस आधीपासून मारायला सुरुवात करा. रात्री मारला, सकाळी मारला, परत रात्री. ऐन वेळी मारून पाच मिनिटांत पाना लावणाऱ्याचे बोल्ट तुटतात.

गाडी उचलणं

यात घाई नको. काळ्या मातीच्या अंगणात जॅक लावला की तो गाडी उचलायच्या ऐवजी स्वतःच खाली जाते. सिमेंटचा कोबा असलेली जागा शोधा, ग्रामपंचायतीसमोरची, गोदामातली, कोणाच्या खळ्यातली, कुठलीही. नसेलच तर जॅक आणि घोडी दोघांखाली जाड, रुंद सागवानी फळी टाका. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांच्या पुढं-मागं गोटे लावा, नुसत्या हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करून घ्या.

मागून सुरुवात करा, कारण तिथं स्टेअरिंगचा गुंता नाही आणि हाताला सवय होते. मागचा भाग उचलून घोड्या चेसिसखाली लावा, मागच्या कमानीच्या पुढच्या ब्रॅकेटच्या थोडं पुढं. एक्सलखाली लावू नका, एक्सल मोकळं पाहिजे. दोन्ही घोड्यांवर वजन आलं की गाडीला बाजूनं जोरात हलवून पाहा, हलायची असेल तर ती आत्ताच हलू द्या. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा, घोडी सरकलीच तर गाडी चाकावर थांबेल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही म्हणजे नाही, लहान पोट्ट्यांना पण तिकडं फिरकू देऊ नका.

दुसरा जॅक एक्सलखाली हलका लावून ठेवा. या जॅकवरच पुढचं सगळं काम सोपं होणार आहे.

खोलणं

शॉकअपचं खालचं टोक सोडा म्हणजे एक्सल पुरेसं खाली येते. खाली आणताना ब्रेकच्या रबरी पाइपवर नजर ठेवा, तो ताणला जायला नको. यू बोल्टला हात लावायची गरज नाही, बुशसाठी कमान एक्सलपासून वेगळी करावी लागत नाही, तो त्रास फुकटचा आहे.

एका वेळी एकच बाजू, आणि त्या बाजूचंही एकच टोक. दोन्ही टोकं एकदम सोडली की एक्सल पुढं-मागं सरकते आणि मग ते जागेवर आणायला दोन माणसं, दोर आणि अर्धा दिवस जाते.

शॅकलपासून सुरू करा. बाहेरच्या पट्टीचे दोन नट काढा, पट्टी सबलीनं थोडी थोडी दोन्हीकडून उचकटत काढा, मग आतली पट्टी पिनांसकट दुसऱ्या बाजूनं ठोकून काढा. इथं एक्सलखालचा जॅक कामाला येते. पिन अडकली असेल तर घन मारण्याआधी जॅक थोडा वर घ्या, थोडा खाली सोडा, वजन पिनेवरून उतरलं तो नेमका क्षण हाताला कळते, पिन बोटानं फिरायला लागते. मग ती हातोडीच्या दोन टोल्यांत बाहेर येते.

पक्क्या टोकाचा बोल्ट मात्र जिद्दी राहते, तो ब्रॅकेटच्या भोकात गंजून बसलेला राहते. आधी नट बोल्टच्या टोकाशी सारखा येईपर्यंत ढिला करा आणि नटावरच ड्रिफ्ट ठेवून ठोका, म्हणजे आटे खराब होत नाहीत. बोल्ट थोडा सुटला की डोक्याकडून पाना लावून फिरवत फिरवत, स्प्रे मारत काढा. एवढं करूनही हललाच नाही तर बोल्ट हॅक्सॉनं कापणं हा शेवटचा उपाय, बोल्ट नवीन भेटते.

इथं बरेच जण गॅस कटर लावतात. कमानीच्या डोळ्यावर आग लावू देऊ नका, कोणी कितीही सांगो. कमानीच्या पोलादाला कारखान्यात तापवून, विझवून, परत बेतानं तापवून पाणी दिलेलं राहते, तिची सगळी ताकद त्यात आहे. डोळा लाल केला की ते पाणी उतरते, आणि मग भर रस्त्यात डोळा उघडते किंवा पान तुटते. वरून जळत्या रबराचा धूर छातीत जाते, आणि गाडी पेट्रोलची आहे, टाकी जवळच आहे.

जुने रबर दोन तुकड्यांचे असल्यामुळं चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं किंवा बोथट छिन्नीनं ओठाखाली घालून निघतात. फारच चिकटले तर आडवे कापून तुकडे करून काढा. मग डोळा आतून तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं घासा, बोट फिरवलं तर गंजाचा खडा लागायला नको. एक खडा राहिला तरी तो नव्या रबराला कुरतडते. पिना पण बघा, मध्ये झिजून कंबर पडली असेल, नखाला पायरी लागत असेल, तर नवीन पिना घ्या, झिजलेल्या पिनेवर नवा बुश म्हणजे नव्या बुशचा सत्यानाश.

बसवणं

रबरी बुशला ग्रीस, डिझेल, इंजिन ऑइल काही लावू नका. बसवताना सटकन जाते म्हणून सगळेच लावतात, पण पेट्रोलियमच्या तेलानं रबर फुगते, नरम पडते आणि लवकर फाटते. साबणाचं पाणी लावा, तेवढ्यानं हाताच्या दाबानं आत जाते, आणि ते वाळून जाते. कोपऱ्यात अडलं तर लाकडाचा तुकडा मध्ये ठेवून हलके ठोका. पीयू असेल तर त्याच्यासोबत येणारं सिलिकॉन ग्रीसच लावा, आतून बाहेरून सगळीकडं.

दोन्ही अर्धे तुकडे बसले की त्यांचे ओठ डोळ्याच्या कडेला सपाट टेकले पाहिजेत. मग पिना-बोल्ट घाला, भोक जुळत नसेल तर परत तो एक्सलखालचा जॅक वर-खाली करा, आणि पुढं-मागं जुळत नसेल तर एक्सलला दोर बांधून कोणालातरी ओढायला लावा. भोकात बोट घालून जुळवायचं नाही, जॅक किंचित सरकला तरी बोट जाते, स्क्रू ड्रायव्हर वापरा. ब्रॅकेटच्या भोकात जाणाऱ्या बोल्टच्या भागाला गंजू नये म्हणून थोडं ग्रीस चालते, रबरापर्यंत ओघळणार नाही एवढंच.

नट हातानं लावा आणि वायसर टेकेपर्यंतच फिरवा. इथं थांबा.

घट्ट कधी करायचं

गाडी घोडीवर लटकलेली असताना नट पूर्ण टाइट करायचे नाहीत. हा तो नियम आहे. बुशचं रबर दोन्हीकडून दाबून धरलेलं राहते आणि कमान वर-खाली झाली की ते थोडं पिळलं जाते, सोडलं की परत येते. लटकलेल्या स्थितीत टाइट केलं तर रबराला वाटते की हीच आपली जागा, आणि गाडी चाकांवर उभी केली की उभ्या उभ्याच ते पिळलेलं राहते, ओला टॉवेल पिळून तसाच खुंटीला बांधून ठेवावा तसं. मग खड्डा आला की आणखी पिळ, आणि काही महिन्यांत रबर फाटते, लोक म्हणतात माल डुप्लिकेट होता.

म्हणून चाकं लावा, घोड्या काढा, गाडी पूर्ण जमिनीवर घ्या. मागच्या बंपरवर उभं राहून चार-पाच वेळा दाबा, नाहीतर अंगणातच थोडी पुढं-मागं करा म्हणजे कमान आपल्या जागेवर बसते. मग सपाट जागी, गाडी जमिनीवर उभी असतानाच खाली सरकून नट टाइट करा, शॅकलचे दोन्ही सारखे सारखे. टॉर्क पाना आणि मॅन्युअल असेल तर त्यातल्या मापानं, आणि नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून एकदा टाइट करून घ्या, हाताला अंदाज येते. दांड्याला पाइप लावून जीव खाऊन ओढू नका, शॅकल आवळली गेली की कमान हलायचं विसरते. शॉकअपचा बोल्ट परत लावल्याची खात्री करा. टाइट झालेल्या प्रत्येक नटावर आणि बाजूच्या लोखंडावर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ ओढा.

पुढची बाजू

पद्धत तीच, फक्त पुढच्या कमानीची शॅकल पुढं आहे आणि पक्कं टोक मागं. घोड्या त्या मागच्या ब्रॅकेटच्या मागं लावा. पुढच्या एक्सलला स्टेअरिंगच्या दांड्या लागलेल्या आहेत, म्हणून एक्सल फार खाली सोडू नका आणि स्टेअरिंग लॉक नसू द्या. पुढचे बोल्ट चिखलाच्या तोंडावर असल्यामुळं जास्त गंजलेले राहतात, वेळ जास्त धरा. काम झालं की चाकांचा टो, म्हणजे पुढची चाकं वरून पाहता आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, तपासून घ्या. जिप्सीला सरळ एक्सल असल्यामुळं अलाइनमेंटमध्ये तेवढंच एक सेटिंग राहते, कोणी कॅम्बर (चाकाचा उभा कल) सेट करून देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका.

नवीन बुश टाकल्यावर गाडी उंच होईल असं समजू नका. शॅकल पार आडवी पडलेली किंवा कमान सपाट झालेली असेल तर ते कमानवाल्याचं काम, पाट्यांना परत बाक द्यावा लागते.

बोलेरो किंवा जुनी थार असणाऱ्यांसाठी थोडक्यात: मागच्या कमानीला बहुतेक हेच सगळं लागू आहे, पण बुशच्या आत-बाहेर लोखंडी नळी असेल तर जुनी नळी हॅक्सॉचं पातं आत घालून एका ठिकाणी चिरून काढावी लागते आणि नवी प्रेसवर बसवून आणावी. २०१० नंतरच्या सीआरडीई इंजिनवाल्या जुन्या थारला पुढं टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगच्या जागी पिळ घेणारी सळई, आहे, त्यात प्रचंड ताण भरलेला राहते, तो नवख्यानं घरी खोलू नये.

वेळ कोणती निवडाल तर मृगाच्या आधी, मे महिन्यात पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत एक बाजू, असं चार दिवसांत. पावसाळ्यात चिखलात बसून हे काम होत नाही आणि गाडीची गरजही तेव्हाच सगळ्यात जास्त राहते.

पहिले शंभरेक किलोमीटर झाले की पेंटच्या रेघा पाहा. रेघ तुटून सरकली असेल तर नट ढिला झाला, गाडी जमिनीवर ठेवूनच परत टाइट करा. दिवाळीच्या सुमारास, चिखल वाळला की एकदा प्रेशरनं खालून धुवा आणि परत त्या रेघा पाहा. काढलेल्या जुन्या बुशची त्यातल्या त्यात साबूत एक जोडी डब्यात टाकून ठेवा, पुढच्या वेळी दुकानात सँपल म्हणून दाखवायला कामी येते.